वन्संच्या वाटणीची ओळ

औरंगाबाद
१२ जानेवारी १९९०, शुक्रवार

वन्सं,

नमस्कार घ्या, नायतर चुलीत घाला, तुमची मर्जी. पत्र मातर चुलीत घालू नका, कारण ते वाचणार तुमी नाय, तुमची नात वाचणार, अन् तिची तेवढीच करमणूक. द्वारके, मी तुझी कस्तुरा मामीआजी. तुझ्या आजीच्या सख्ख्या भावाची बायको. मागं आले तवा तू फ्रॉकाचं टोक तोंडात धरून हिंडत होतीस, तुला याद नसंल. जोरात वाच बाई. आजीला कमी ऐकू येतं असं ती म्हणत असंल, पण मतलबाचं असलं तर तिला मागच्या गल्लीतलं बी ऐकू येतं, मला ठाऊक हाय.

वन्सं, मी मेले नाय. इतक्या वर्सांत तुमी इचारलं नाय, म्हणून आपणहून कळवते. क्रांती चौकाच्या पल्याड एक मंगल कार्यालय हाय, त्याच्या भटारखान्यात पुऱ्या लाटते अन् कढया घासते. मागं एक खोली दिलीय. त्याआधी रुईच्या कारखान्यात होते, त्याआधी रोडच्या कामावर खडीला, त्याआधी तुमच्या भावाच्या घरात. उलटं मोजत गेलं की बरं वाटतं, सुलटं मोजलं की थकवा येतो. रुईनं छाती धरली, धुरानं गळा धरला, गुडघे तर आता माझ्यापेक्षा जास्ती बोलतात. पण रोज एक नवी नवरी बघायला भेटती. कुणाची तरी हळद, कुणाचा तरी रुसवा. करवल्या रुसल्या की भटारखान्यातच येऊन बसतात, मंग मी त्यांला आणखी चिडवते.

आता कामाचं. कार्यालयाला लाउडस्पीकर लावायला जब्बारभाई म्हणून एक जण येतो. शहागंजात त्याचं कॅसेटचं दुकान हाय, मागच्या खोलीत रेकार्डिंग करतो, लग्नाच्या कॅसेटी सोताच काढतो. मी लाटता लाटता गुणगुणत होते, त्यानं ऐकलं. म्हणला, "अम्मा, ये कौन सी फिलम का है?" म्हणलं, "तुझ्या आईच्या लग्नातल्या फिलमचं हाय, तू तवा पैदा व्हायचा होतास." तो काय हलंना. खाली बसला, म्हणला, "और सुनाओ." मंग दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी बी आला. म्हणतो, हळदीच्या गाण्यांची कॅसेट काढू, अस्सल, म्हाताऱ्या बायांच्या तोंडची. म्हणलं, म्हातारी तुझी सासू.

द्वारके, तू आजकालची पोरगी, तुला माहीत नसंल म्हणून सांगते. हळद दळायला बाया जात्याला बसल्या की एकीनं ओळ टाकायची अन् दुसरीनं झेलायची. टाकणारी मी, झेलणारी तुझी आजी. सिल्लोडपासून अजिंठ्यापर्यंत कुठं बी हळद असो, आमच्यासाठी बैलगाडी यायची. नवरीला एकवेळ हळद कमी पडंल, पण आमाला गूळपाणी कमी पडत नव्हतं.

तर वन्सं, टाकणारी तयार हाय. झेलणारी पाह्यजे. लगीनसराईच्या आत कॅसेट निघाली पाह्यजे असं तो म्हणतो. तुमी यायचं, बसायचं, आपल्या ओळी झेलायच्या, माझ्या हातचं पिठलं खायचं अन् माघारी जायचं. सकाळच्या एस्टीत बसा. मी ष्टँडवर उभी ऱ्हाते. ओळखायची खूण, कपाळ रिकामं.

नाय यायचं तर तसं कळवा. मला वाट बघायला येळ नाय, पण बघते म्हणा.

तुमची भावजय,
कस्तुरा


औरंगाबाद
४ फेब्रुवारी १९९०, रविवार

वन्सं,

तुमचं उत्तर भेटलं. म्हणजे काय आलं नाय, तेच उत्तर. तुमी पहिल्यापासून अशाच. माझं लगीन होऊन मी तुमच्या घरात आले तवा तुमी माहेरी आलत्या, अन् पहिले आठ-पंधरा दिवस माझ्याशी एक अक्षर बोलला नाय. मला वाटलं नणंद मुकी हाय. म्या तसं सासूबाईला इचारलं बी. मंग तुमी जे बोलायला लागलात ते वीस वर्सं थांबला नाय.

मी ष्टँडवर दोनदा जाऊन आले. एकदा खरंच, अन् एकदा शहागंजात काम होतं म्हणून. ष्टँड वाटंत नव्हतं, तरी गेले. सिल्लोडच्या गाडीतून एक बाई उतरली, तुमच्यासारखीच ढेंगा टाकत. म्या मागून जाऊन तिचा पदर ओढला. कापसाच्या दलालाची बायको निघाली. तिनं मला जे सुनावलं ते द्वारकीला वाचता यायचं नाय.

द्वारके, आता जरा हळू वाच. नायतर असं कर, आजीसमोर वाचूच नको. नाय, वाच. तुला कुणी सांगितलं नसंल की तुझ्या आजीचं अन् माझं काय बिनसलं. घरात इचारलंस तर म्हणतील काय नाय. खरंच काय नाय, चुटकीभर गोष्ट हाय.

तुझे सूर्यभानआजोबा, म्हणजे माझा मालक, मोठ्या दुष्काळात रोडच्या कामावर ऊन लागून गेले. तुझ्या आजीचा भाऊ गेला, माझा नवरा गेला. माणूस एकच, पण रडायला आमी दोघी येगयेगळ्या कोपऱ्यात बसलो. त्यानंतर मला हळदीला बोलवणं बंद झालं. त्यात कुणाचा काय दोष. बिनकुंकवाची बाई हळदीच्या जात्याला कशी बसंल, रीतच हाय, म्या बी पाळली. कुणी इचारायच्या आधीच मी उठून मागं जायची. बैलगाडी एकट्या तुझ्या आजीला न्यायला यायला लागली.

मंग तुझ्या सारजाआत्याची हळद आली. घरचंच लगीन, म्हणून मी आले अन् न सांगता मागच्या चुलीवर पुरणाला बसले. पुढं मांडवात जातं फिरत होतं. तुझ्या आजीनं माझी ओळ घेतली, टाकायची ओळ. अन् झेल कुणीच घेईना. बायांला ती ओळ ठाऊकच नव्हती. जातं नुसतंच फिरलं, घर्र घर्र. आता हात पुरणात असले तरी गळा काय पुरणात नसतो. माझ्याकडून झेल गेला. मुद्दाम नाय, शिंक जाती तसा गेला.

जातं थांबलं. अन् तुझी आजी, जिनं माझ्याबरोबर उभ्या तालुक्याच्या पोरी हळदीनं न्हाऊ घातल्या, जिला माझा खोकला बी भिंतीपल्याडून कळायचा, ती मोठ्यानं म्हणली, "कोण गं ती?"

मागच्या दारात कुणी पोरगी होती, तिनं सांगितलं, "कुणी नाय, चुलीवरची बाई हाय."

एवढंच झालं. पुरण चांगलं झालतं. पंगत उठायच्या आत मी निघाले, ती आज इथवर.

वन्सं, मी हे भांडायला लिवत नाय. मला राग बी नाय. राग करायला जोर लागतो, तो मी कढयांसाठी ठेवते. तुमच्या व्याह्यांकडची माणसं समोर बसली होती, सारजीच्या हळदीत इघ्न नको, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. फक्त तेवढं "कोण गं ती" कानातून निघत नाय. रुई निघाली, धूर निघाला, ते निघंना. अन् त्या दिवसापासून मी कुणाला ऐकू जाईल असं गायले नाय. गुणगुणते, तेवढंच. जब्बारभाईनं इचारलं, जोरात गा की, तर माझा आवाज कुठं ठेवलाय ते मलाच सापडंना. खोकत बसले.

म्हणून तुमी पाह्यजे. तुमी समोर बसलात तर तो सापडंल, असं वाटतं. नाय सापडला तर दोघी मिळून पिठलं खाऊ.

रेकार्डिंग या म्हयन्याच्या शेवटी हाय. जब्बारभाई म्हणतो, माझी साथवाली नाय आली तर तो ऑर्केस्ट्रातली एक पोरगी देतो. लक्ष्मी नाव हाय. पोरगी गोड हाय, पण लई गोड हाय.

तुमची,
चुलीवरची बाई


औरंगाबाद
२७ फेब्रुवारी १९९०, मंगळवार

वन्सं,

झालं एकदाचं. तुमी आला नाय, तरी झालं. तुमच्याशिवाय सूर्य बी उगवतो, हे सांगायला वाईट वाटतं.

ती खोली बघायला पाह्यजे होती. भिंतीला गोधड्या ठोकलेल्या, वर अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. म्हणलं, जब्बारभाई, कोंबड्या कुठंयत? म्हणला, "अम्मा, आवाज भाईर नक्को जाना, इसलिए." घ्या. इतकी वर्सं मी आवाज भाईर जाऊ दिला नाय, तवा कुणी गोधडी बी दिली नाय.

मला खुर्चीवर बसवलं. समोर ते माईक, कारल्यासारखं. म्हणले, गा. मी गायले तर काय यावं? ओळ येती पण चाल घसरती. एकदा पळती, एकदा रांगती. तबलेवाला कपाळाला हात लावून बसला. दोन-चार खेपा झाल्या. मला रडू यायला लागलं, म्हणून म्या त्याची चेष्टा केली, तबला दे इकडं, त्यात कणीक मळते.

मंग माझ्या ध्यानात आलं. वन्सं, आपण कधी हात मोकळा ठेवून गायलोच नाय. जात्याचा खुंटा हातात असला की ओळ आपोआप बसती. जात्याचा एक फेरा, एक ओळ. म्या म्हणलं, मला जातं पाह्यजे. जब्बारभाई बिचारा शेजारणीकडून जातं घेऊन आला, खांद्यावर, घामाघूम. ते फिरवलं तर माईकात असं गडगडलं की काचंच्या पल्याडचा मशीनवाला कानावरचं काढून उठला, म्हणला, रणगाडा आला काय. पोलीस ॲक्शनच्या साली गावावरून रणगाडे गेलते, तवा शाळा सुटली ती माझी कायमचीच सुटली, ते याद आलं. जातं ठेवलं बाजूला.

मंग म्या खुर्ची सारली, फरशीवर मांडी घातली, अन् जिथं जातं असतं तिथं नुसती मूठ फिरवायला लागले. हवेचं जातं. खुंटा नाय, तळी नाय, दाणा नाय. ते लोक आधी हसले. मंग मशीनवाल्यानं कानावरचं परत चढवलं. आवाज आला, वन्सं. फाटका आला, मधीच भोक हाय त्याला, वरच्या पट्टीत जात नाय, पण माझाच हाय. मला एकदम ओळखू आला.

लक्ष्मीनं झेल घेतला. पोरीनं मेहनत केली, खोटं काऊन बोलू. पण ती प्रत्येक ओळीला पाकातून काढून आणती. मी हळद टाकते अन् ती जिलबी झेलती. धा गाणी तशीच झाली. लोकांला आवडतील म्हणे.

अकरावं ऱ्हायलं. कोणतं ते तुमाला ठाऊक हाय, म्या मुद्दामच शेवटी ठेवलं होतं. तुमी ज्याला "आपलं" म्हणायच्या ते. मी टाकायची,

मांडवदारी हळद सांडली, पिवळी झाली वाट गं

अन् तुमी झेलायच्या,

वैनीला बोलवा कुणी, पिवळा करा हात गं

दर ओळीला तोच झेल. मी वाट सांगायची, आंबा सांगायची, करवलीचा नखरा सांगायची, अन् तुमी फिरून फिरून वैनीला बोलवायच्या. त्यात बाया तुमाला हसायच्या, एवढं काय वैनीचं कौतुक म्हणून.

लक्ष्मी ती ओळ म्हणायला लागली अन् म्या हात वर केला. म्हणलं, ही नको. पोरी, तू मला बोलवून काय उपयोग. जब्बारभाई म्हणला मंग तुमीच दोन्ही म्हणा. म्हणलं, मी सोताला कशी बोलवू, येडी हाय का मी. मंग काय करायचं? म्हणलं, माझी ओळ झाली की तेवढी जागा रिकामी सोडायची. मी मूठ फिरवत ऱ्हाईन, एक फेरा, मंग पुढची ओळ टाकीन.

तो म्हणला, "नक्को अम्मा. लोगां समझेंगे टेप खराब है." म्हणलं, समजू दे. म्हणला, "दुकान पे आके मेरेकू गाल्यां देंगे." म्हणलं, दे माझ्याकडं पाठवून, माझ्याजवळ जास्तीच्या हायत. तो काय ऐकंना. तवा म्या सांगितलं, हे असं नाय तर मंग धा बी पुसून टाक, मी चालले कढया घासायला. उठले खरी, पण गुडघ्यानं साथ दिली नाय, परत बसले. त्यालाच हसू आलं. म्हणला, "हौ, बैठो. खाली रखताऊं."

तर दुसऱ्या बाजूला शेवटी तुमची ओळ रिकामी ठेवलीय. तिथं दुसरं कुणी बसलेलं नाय. यायचं तवा या.

कस्तुरा


औरंगाबाद
६ एप्रिल १९९०, शुक्रवार

वन्सं,

कॅसेट निघाली. एक द्वारकीच्या नावानं पाठवलीय, पोचली असंल. वरच्या चित्रात जी नटलेली नवरी हाय ती मी नाय, गैरसमज नको. जब्बारभाईला म्हणलं माझा फोटो टाक, तर तो लाजला. हळदीची कॅसेट, अन् वर रिकाम्या कपाळाची बाई, घेईल कोण. त्याचं बी खरं हाय. नाव मातर टाकलं. अन् छापणाऱ्यानं हाताला सवय म्हणून काय छापलं ठाऊक हाय? सौ. कस्तुराबाई सूर्यभान. तुमच्या भावाला उठवून बसवलं मेल्यानं. मी दुकानात बसून एकेका कॅसेटवरचं ते "सौ." काळ्या शाईनं खोडत होते. जब्बारभाई म्हणला, ऱ्हाऊ द्या, कोण बघतंय. म्हणलं, तो बघत असंल ना वरून, त्याला वाटंल आपण मेलोच नाय, येईल परत पाय धुवायला पाणी मागत.

खोडता खोडता हात आंबला. शेवटच्या काही तशाच गेल्या.

आता गंमत ऐका. जब्बारभाईच्या दुकानात लोक कॅसेट परत आणायलेत. क्रांती चौकातल्या साहेबलोकांच्या बाया. भैया, इसमें आधा गाना उड गया है. तो बदलून देतो, दुसरीत बी उडालेलंच असतं. मला निरोप येतो, मी जाते, शिव्या खाते, चहा पिते. पण परवा फुलंब्रीकडच्या धनगराच्या दोघी बाया आल्या, मेंढ्या मागं ठेवून बाजाराला आलत्या. त्यांनी तिथंच दुकानात वाजवायला लावली. रिकामी जागा आली तशी त्यातली एक जण उभ्या उभ्या झेल घेऊन मोकळी झाली. तिच्याकडची ओळ येगळी होती, पण बसली बरोबर. ती जब्बारभाईला म्हणली, "ही जागा आमच्यासाठी सोडलीय व्हय?" जब्बारभाई मला सांगताना इतका खूश, जसं त्यालाच सुचलं होतं.

द्वारकीचं कार्ड आलं. पोरगी तुमच्यावर गेली नाय, लिवती. तिनं लिवलंय की तुमी पत्र ऐकताना चूल फुंकायची थांबवता. तिनं हे बी लिवलंय की तिचं लगीन ठरलंय वैशाखात, अन् तुमचे मालक नानासाहेब म्हणले ती कॅसेट हळदीला वाजवायची नाय. रांडमुंड बाईचा आवाज नवरीच्या अंगावर नको. हे त्यांचेच शब्द की पोरीनं मऊ करून लिवलेत, ठाऊक नाय. नानासाहेब माणूस चांगला. माझ्या लग्नात त्यांनी रुसून बसून नवी टोपी मागितलती, अजून याद हाय.

द्वारके, आजोबाचं ऐक. हळद तुझी हाय, त्यात वाद नको. मला वाईट वाटत नाय. खरं म्हणजे वाटतं, पण अंग इतकं दुखतं की त्याच्याखाली ते दबून जातं. सराई सुरू झालीय, रोज दोन-दोन पंगती. मला आता फक्त आडवं व्हायचं असतं.

वन्सं, एक इचारते, मंग पुन्हा इचारत नाय. तुमी ती कॅसेट शेवटापर्यंत ऐकली का?

तुमची,
सौ. (खोडलेली) कस्तुरा


औरंगाबाद
१४ मे १९९०, सोमवार

वन्सं,

काल जे झालं त्यातलं तुमच्या बाजूचं तुमाला ठाऊक हाय. कनातीच्या माझ्या बाजूला काय झालं ते सांगते, कारण तुमी आत आलात तवा दोघींला बी धड बोलता आलं नाय.

मी येणार नव्हते, देवाशपथ. आमचा आचारी मुंजाबा, त्यानं सिल्लोडच्या एका लग्नाचं काम घेतलं होतं. टेंपोत कढया चढवल्यावर मला कळलं की ते नानासाहेबांच्या घरचं हाय. म्हणलं, मला ताप हाय. म्हणला, पुऱ्या लाटायला ताप आड येत नाय. मंग आले. पदर नाकापर्यंत ओढला अन् कनातीमागं बसले. पुन्हा तुमच्याच दारी, पुन्हा चुलीवर. मलाच हसू आलं. कुणी इचारलं असतं तर म्हणणार होते, सारजीचं पुरण ऱ्हायलं होतं, ते ढवळायला आले.

हळद सुरू झाली. टेपावर सिनेमाची गाणी लागली होती. अन् एकदम माझाच खोकला. मशीनवाला काढतो म्हणला होता, तो तसाच ऱ्हायलाय शेवटच्या गाण्याच्या आधी. माझ्या हातातून लाटणं सुटलं. द्वारकीनंच लावली असणार, दुसऱ्या बाजूचं शेवटचं, थेट. आजोबाचं ऐक म्हणलं होतं म्या. पोरगी लिवती, पण वाचत नाय वाटतं.

मांडवदारी हळद सांडली, पिवळी झाली वाट गं. अन् मंग रिकामं. त्या गलक्यात ते रिकामं इतकं मोठं वाटलं, वन्सं, मला लाज वाटली. वाटलं, काय हट्ट केला आपण. कुणीतरी म्हणलं, "बंद पडलं वाटतं." नानासाहेबांचा आवाज आला, "काढा ते. सांगितलं होतं ना म्या." टेपवाला उठलेला मला कनातीच्या फटीतून दिसला.

तेवढ्यात व्याह्यांकडची ती जाडी बाई, हिरव्या शालूची, म्हणली, "पण कोण गं ती? आवाज लई जुना हाय."

तेच शब्द, तुमचाच मांडव. मला वाटलं आता कुणीतरी म्हणंल, कुणी नाय. म्या पुरी तेलात सोडली अन् ती करपेपर्यंत बघत बसले.

तुमी बोललात. मोठ्यानं नाय, पण तुमचा हळू आवाज बी दुसऱ्या गल्लीत जातो. "माझी वैनी हाय ती. सूर्यभानची बायको. टेपाला हात लावू नका."

तुमचं मी ऐकलं, वन्सं. हे तुमाला सांगायचं होतं म्हणून हे पत्र. बाकी सगळं टाकून द्या.

मंग तुमी झेल घेतला. पहिल्यांदा उशिरा घेतला अन् माझ्या पुढच्या ओळीच्या पायात आलात. टेप काय थांबत नाय बघा. मी असते तर थांबले असते. दुसऱ्यांदा बी घाई केली. आवाज तर असा झालाय जसं सूप झाडतंय कुणी. मी माझ्या आवाजाला फाटका म्हणत होते, तुमचं तर जोडायला बी काय उरलं नाय. पण तिसऱ्या फेऱ्याला बसला. बरोबर जिथं हात खाली येतो तिथं. वैनीला बोलवा कुणी, पिवळा करा हात गं. चौथ्याला बाकीच्या बाया बी लागल्या. मी पिठाच्या हातानं परातीत मूठ फिरवत होते, मला कळलंच नाय.

अन् मुंजाबा, त्याला ना शेंडा ना बुडखा ठाऊक. त्यानं कनात बाजूला केली अन् ओरडला, "कवाच्या बोलवायलात कुणाला? ती इथं बसलीय की, पुऱ्या जाळायली."

तुमी आत आलात. केस पांढरे झालेत तुमचे सगळे. दोन्ही हात मनगटापर्यंत हळदीचे. मला वाटलं आता रडतील, मंग मला बी रडावं लागंल, अन् तेल तर तापलेलं. तुमी परातीकडं बघितलं अन् म्हणलात, "पुऱ्या जाड लाटल्यात."

म्हणलं, "तुमच्या घरचं पीठच जाड हाय."

मंग तुमी माझा उजवा हात धरला, पिठासकट, अन् हळदीनं भरला. पंजा, मनगट, वर कोपरापर्यंत. जसं नवरीला लावतात तसं, घाई न करता. बाया दारात उभ्या होत्या, नानासाहेब बी त्यांच्या मागं दिसले. तुमी म्हणलात, "चल भाईर." मी म्हणलं, "तेल तापलंय." तुमी कनात सारली अन् गेलात.

तेल उतरवता आलं असतं, वन्सं. खोटं बोलले. पण तिथं येऊन बसायचं, सगळ्यांनी बघायचं, बरी हाय का म्हणायचं, एवढं माझ्यात उरलं नाय आता. पंधरा वर्सांखाली म्हणला असतात तर पळत आले असते. काल मला तेवढंच पुरलं. एक कस्तुरा टेपात गात होती भाईर, ती बसली तुमच्याजवळ.

द्वारकीला आशीर्वाद. तिला म्हणावं, सासरी कॅसेट नेऊ नको, पहिल्याच दिवशी भांडण नको. दुसऱ्या दिवशी ने.

तुमाला यायचं असलं तर पावसाळ्यात या, तवा लग्नं नसतात. पिठलं करीन. जब्बारभाई दुसरी कॅसेट काढू म्हणतो, मी अजून व्हय म्हणले नाय, दमलेय. पण काढलीच तर यंदा ओळ तुमी टाका, मी झेलते.

आज सकाळपासून इथं पुन्हा पंगत हाय. राखेनं कढया घासल्या की हळद जाती, म्हणून डाव्या हातानं घासायलेय. लई येळ लागायलाय. म्यानेजर येऊन गेला, म्हणला, "बाई, उजव्या हाताला काय झालं?"

म्हणलं, "काय नाय. घरचं लगीन होतं."

कस्तुरा